घरे वाढली, पण बस मुख्य रस्त्यावरच थांबली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या दक्षिण भागात, विशेषतः अनगोळ, वडगाव, भाग्यनगर आणि शहापूर या परिसरात, जुनी बैठी घरे पाडून त्या जागी तीन-चार मजली अपार्टमेंट उभी राहत आहेत. त्यांच्यामुळे पाणी, ड्रेनेज आणि पार्किंगवर येणाऱ्या ताणाविषयी वाचक नेहमी लिहितात आणि ते रास्तच आहे. मात्र याच अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माणसांनी कामाला, शाळेला, दवाखान्याला जायचे कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

अनगोळमधील आमच्याच रस्त्याचे उदाहरण देतो. पूर्वी या रस्त्यावर परसदार असलेली तीन घरे होती. परसात विहीर, दोन नारळ आणि जांभळाचे एक झाड होते. आज तेथे चोवीस फ्लॅट आहेत. प्रत्येक घरात किमान एक दुचाकी आहे, बऱ्याच घरांत दोन आहेत आणि काहींकडे मोटारही आहे. इमारतीखालची जागा भरली की उरलेली वाहने रस्त्यावरच उभी राहतात. सिटी बस या रस्त्याने आत येत असे, तेव्हा वळणावर कंडक्टरला खाली उतरावे लागे. शिट्टी मारत, पत्र्यावर थाप देत, आडवी लावलेली वाहने बाजूला करवून घेत तो बस कशीबशी वळवून आणी. एका फेरीत दहा-पंधरा मिनिटे अशी वळणावरच जाऊ लागली आणि पुढे बस आत येणेच बंद झाले. आता ती मुख्य रस्त्यावरून परस्पर निघून जाते. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींना दर महिन्याला जिल्हा रुग्णालयात जावे लागते. पूर्वी दारातून बस मिळत असे. आता काठी टेकत पाव तास चालावे लागते, नाहीतर रिक्षाचे पैसे मोजावे लागतात. बस बंद झाल्यावर समोरच्या दोन घरांनी कर्ज काढून स्कूटर घेतल्या. त्यामुळे रस्ता आणखी अरुंद झाला आणि बस परत येण्याची शक्यताही तेवढीच मावळली.

एवढे वाचून कोणी अपार्टमेंटनाच दोष देईल. माझे मत तसे नाही. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली या भागांत पिढ्यान्‌पिढ्या दाट वस्ती आहे. वडगाव-खासबागच्या विणकरांच्या घरांत पुढच्या सोप्यात माग आणि मागे संसार अशीच रचना होती. ही माणसे दाटीने राहत, पण बाजार, शाळा, देऊळ, काम सारे पायी चालण्याच्या अंतरावर असे. सार्वजनिक वाहतुकीला तर दाट वस्तीच हवी असते. माणूस थांब्यापर्यंत साधारण चार-पाचशे मीटर चालतो. तेवढ्या टापूत घरे जास्त असतील तर बस भरते, भरली की फेऱ्या वाढवणे परवडते, दर दहा मिनिटांनी बस येऊ लागली की वेळापत्रक न पाहता लोक थांब्यावर जाऊन उभे राहतात आणि त्यामुळे प्रवासी आणखी वाढतात. हेच चक्र उलटे फिरले की काय होते, ते आमच्या रस्त्याने दाखवून दिले आहे.

दुसरे टोक शहराबाहेर आहे. पश्चिमेला कॅन्टोन्मेंटची, म्हणजे लष्करी छावणीची, हद्द असल्यामुळे शहर दक्षिणेला आणि ईशान्येला पसरत गेले. कणबर्गीच्या बाजूला, तसेच येळ्ळूर-धामणेच्या दिशेने शेतात ले-आऊट पडतात, साईट (भूखंड) विकल्या जातात आणि वर्षानुवर्षे दहा साईटमध्ये दोन घरे उभी अशी स्थिती राहते. अशा विरळ वस्तीत बस न्यावी तर ती रिकामी धावते आणि न न्यावी तर पहिल्याच दिवसापासून प्रत्येकाला गाडी घ्यावी लागते. शिवाय ही जमीन साधी नाही. शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या शिवारातला बेळगाव बासमती याच काळ्या मातीत पिकतो. बळ्ळारी नाल्याचे पाणीही पावसाळ्यात याच शिवारात पसरते. शेत राखायचे असेल तर शहराने आतल्या आत, योग्य ठिकाणी दाट व्हावे, हाच मार्ग उरतो. म्हणून उंच इमारतींना सरसकट विरोध करणाऱ्या मित्रांशी माझे पटत नाही.

प्रश्न ठिकाणाचा आहे. ब्राझीलमधील कुरितिबा या शहराने 1974 पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या आणि उंच इमारतींना परवानगी प्रामुख्याने त्याच मार्गांच्या दोन्ही अंगांना दिली; मार्गापासून दूर जाल तशी इमारतींची उंची कमी होत जाते. बस आणि घर या दोन गोष्टी तेथे एकाच नकाशावर काढल्या गेल्या. आपल्याकडे केंद्र सरकारने 2017 मध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या मार्गालगत वस्ती वाढवण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये 2018 पासून सुमारे 22 किलोमीटरच्या स्वतंत्र मार्गिकेवर बस धावू लागली. बेळगावात इतके रुंद रस्ते फारसे नाहीत, त्यामुळे तशीच मार्गिका येथे हवी असा माझा आग्रह नाही. घर आणि बस यांचा विचार मात्र एकत्र व्हायला हवा.

आज कोणत्याही अपार्टमेंटच्या परवानगीसाठी पाणी, वीज, सांडपाणी, अग्निशमन यांचा विचार होतो. रहिवासी घराबाहेर पडणार कसे, याचा विचार केवळ पार्किंगच्या जागांपुरता होतो. म्हणजे प्रत्येक कुटुंब गाडी घेणार हे आपण आधीच गृहीत धरतो आणि ते गृहीत खरे करून दाखवतो. बारा मीटर लांबीच्या एका बसमध्ये बसून-उभे राहून पन्नास जण सहज जातात. तेच पन्नास जण दुचाकींवर निघाले तर रेल्वे फाटक पडल्यावर टिळकवाडीत काय होते, ते सर्वांनी पाहिले आहे.

बसची गरज कमी झालेली नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे राज्यातील महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. घरकाम करणाऱ्या, दुकानांत आणि कारखान्यांत जाणाऱ्या भगिनींना त्याचा मोठा आधार आहे. मात्र जेथे बसच पोहोचत नाही तेथे मोफत तिकीट मिळूनही हाती काही लागत नाही. केंद्राच्या सेवा-मानकांप्रमाणे दर हजार लोकांमागे 0.6 बस असणे ही उत्तम श्रेणी मानली जाते. 2011 च्या जनगणनेतील महापालिका क्षेत्राची सुमारे 4 लाख 88 हजार लोकसंख्या धरली, तरी शहराला 290 च्या आसपास बस हव्यात आणि त्यानंतर शहर कितीतरी वाढले आहे.

माझी विनंती महापालिका, बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) आणि परिवहन महामंडळ या तिघांना आहे. ज्या रस्त्यावरून बस नियमित जाते, त्याच्यापासून पाचशे मीटरच्या आत वाढीव मजल्यांना मोकळेपणाने परवानगी द्यावी आणि त्याबाहेर हात आखडता घ्यावा. मोठ्या इमारतीचा किंवा ले-आऊटचा आराखडा मंजुरीसाठी येईल तेव्हा जवळचा थांबा कोठे आहे, तेथपर्यंत पायवाट आहे का आणि बस वळण्यास जागा आहे का, हे महामंडळाकडून लेखी घ्यावे. ज्या वळणांवर बस अडते, त्यांच्या दोन्ही बाजूंना वाहने उभी करण्यास मनाई करावी आणि ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी माणूस नेमावा. मच्छे, पिरनवाडी, उद्यमबाग या पट्ट्यात कामगारांच्या पाळ्या सुटतात त्या वेळेला बस मिळावी, कारण तेथे कामाला येणारा माणूस भाड्याचे घर शोधताना आधी बस पाहतो.

आमच्या रस्त्यापुरते सांगायचे तर वळणाच्या अलीकडच्या मोकळ्या साईटवर लवकरच आणखी एक इमारत होणार आहे. तिचे बांधकाम सुरू होण्यापूर्वी त्या कोपऱ्याचे चार-पाच फूट रस्त्यासाठी सोडून घेतले, तर बस पुन्हा आत वळू शकेल. एकदा भिंत उभी राहिली की ते शक्य होणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
अनगोळ, बेळगाव