चिन्ह लॅबचे नव्हे, चाचणीचे

महोदय,

रिपोर्टच्या कोपऱ्यात एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, चिन्ह दिसले की रुग्ण निर्धास्त होतो. पण ही ऐच्छिक मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही. वैद्यकीय लॅबसाठीच्या आयएसओ 15189 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ती ठरावीक पत्त्यावरच्या ठरावीक चाचण्यांना मिळते. साखर, क्रिएटिनिन यादीत आणि एखादे हार्मोन बाहेर, असे सहज असू शकते. ही यादी, म्हणजे 'स्कोप', एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. पाहतो कोण, हा प्रश्न वेगळा!

मान्यतेमुळे यंत्राशेजारी शिस्त येते, यात शंका नाही. मूल्य आधीच माहीत असलेले तपासणी-नमुने, म्हणजे कंट्रोल, बहुधा दोन पातळ्यांचे, यंत्रावर रोज चालवायचे. एखादे सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे (नेहमीच्या चढउताराच्या खूप बाहेर) गेले की रिपोर्ट रोखून कारण शोधायचे. पोटॅशियम साडेसहाच्या वर आले तर लगेच डॉक्टरांना फोन, आकडा त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यायचा आणि वेळ लिहून ठेवायची.

मात्र बहुतेक चुका यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेल्या असतात. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे पोटॅशियमयुक्त रसायन असते. दुसऱ्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडले म्हणून यातले थोडे तिकडे ओतले, की पोटॅशियम खोटेच वाढते आणि कॅल्शियम कोसळते. यंत्र बिचारे बरोबरच मोजते. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू न देणारे) हवे. ती अर्धीच भरली तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, वाढलेला दिसतो, वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा डोस विनाकारण उतरवला जातो, आणि कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णात गुठळी होण्याचा धोका वाढतो. साध्या ट्यूबमधले रक्त पेशी वेगळ्या न करता तसेच ठेवले तर साखर तासाला 5 ते 7 टक्के घटते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. करड्या झाकणाच्या ट्यूबमधले फ्लोराईडसुद्धा पहिला तासभर ही घट पुरती थांबवत नाही. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी सातला घेतलेले सॅम्पल दुपारी शहरात पोहोचत असेल, तर 'उपाशीपोटी 92' या आकड्याला अर्थ काय?

नमुना घेण्याच्या टप्प्यालाही हे मानक लागू आहे. तरी रुग्णाला भेटते ती शहरातली चकचकीत लॅब नव्हे, औषधाच्या दुकानामागची खोली. म्हणून प्रत्येक रिपोर्टवर रक्त घेतल्याची आणि लॅबमध्ये पोहोचल्याची, अशा दोन्ही वेळा छापल्या जाव्यात. खराब म्हणून नाकारलेल्या नमुन्यांचे प्रमाण लॅबने प्रत्येक सेंटरनिहाय काढावे आणि ते वाढलेल्या सेंटरवरच्या मुलामुलींना पुन्हा प्रशिक्षण द्यावे. रुग्णांनीही एवढे करावे: सुई टोचण्यापूर्वी ट्यूबवर नाव लिहून घेऊ देऊ नये, रक्त काढल्यावर, आपल्यासमोरच, नाव विचारून लिहायला सांगावे.

— एक पॅथॉलॉजिस्ट, सांगली