उघाडी बघायला गेलेल्या तात्यांना

ती. तात्या,
सा. न.

आमच्या तळ्यात चिलापी, म्हणजे मोझांबिक तिलापिया मासळी, माजली तेव्हा गावाने दोनच उपाय सांगितले होते: तळं आटवा, नाहीतर ब्लीचिंग टाका. तुम्ही मात्र तळ्याकडे धड बघितलंही नाहीत. बांधावरून सरळ खाडीकडे गेलात आणि आमच्या छोट्या उघाडीची, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या दाराची, गाळात रुतलेली झापड काठीने ठोकून बघितलीत. त्याचे आभार असे जाहीर मानतोय, कारण खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीच्या पट्ट्यात, तळं असलेल्या घराघरांत हेच दुखणं आहे.

चिलापी मूळची आग्नेय आफ्रिकेतल्या नद्या-खाड्यांची. १९५२ साली ती भारतात आणली गेली, आणि १९५९ मध्ये तिच्या प्रसाराला बंदीही आली. तोवर ती सुटली होती. गोडं पाणी चालतं, समुद्राहून खारं झालं तरी चालतं. शेवाळ, गाळातला कचरा, दुसऱ्याची पिल्लं, काहीही खाते. आपली खाडीतली बोय मासळीही शेवाळ आणि गाळ चरूनच वाढते, त्यामुळे खाण्यावरून झगडा आहेच. पण तुम्ही म्हणालात, ‘बोय खाण्यावाचून नाय हरत, वाटेवाचून हरते.’

हे आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. बोय आणि दुसरे मासे खाणारा जिताडा तळ्यात पोसले जातात, पण त्यांची वीण समुद्राकडे, खाडीच्या तोंडाशी. तिथली पिल्लं उधाणाबरोबर आत आली तरच तळ्यात नवी मासळी. चिलापीची मादी अंडी तोंडातच उबवते, आणि धोका दिसला की पिल्लांनाही परत तोंडात घेते. तिला ना समुद्र लागतो ना उघाडी. दार बंद झालं की आतली बोय आपण खाऊन संपवतो आणि मागे उरते चिलापी, तीही गर्दीने खुजी राहिलेली, बोटाएवढी असतानाच अंड्यांवर येणारी.

आमचं तळं शेतापासून बांधाने वेगळं, म्हणून झापड उघडायला अडचण नव्हती. ज्यांचं पाणी भाताच्या खाचरात शिरतं त्यांनी हे करू नये, हेही तुम्हीच बजावलंत. गाळ काढायला स्वतः उतरलात, वर तुमच्या तळ्यातली जिताड्याची बोटं, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दिलीत, तीही निवडून एका मापाची, कारण लहानमोठी एकत्र सोडली की जिताडा आधी आपलीच भावंडं गिळतो. साहेबांना भेट द्यायचा मासा तुम्ही आम्हांला फुकट दिलात, हे अलिबाग-पेणकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

आता जिताडे चिलापीच्या पिल्लांवरच वाढताहेत. चिलापी संपलेली नाही, संपणारही नाही, आणि जिताडा चार बोयाही खातोच. हा हिशोब तुम्ही आधीच मांडला होता. पण गेल्या उधाणांत पाग (फेकायचं जाळं) टाकला तेव्हा बोयची पिल्लं आली, थोडी कोळंबीही.

गंमत म्हणजे खुद्द आफ्रिकेत ही चिलापी अडचणीत आहे. तिच्या मूळ नद्यांत नाईल तिलापिया सोडली गेली, दोघींचा संकर होतोय आणि अस्सल जात धोक्यात आली आहे. तुम्हांला हे सांगितलं तर म्हणाल, बरी खोड मोडली.

झापडीच्या फळ्या किडल्या आहेत, भांगाच्या दिवसांत, भरती कमी असताना, बदलायच्या म्हणतोय. कुठलं लाकूड घ्यायचं ते येऊन सांगा. जेवायलाच या, चिलापीचं नाही, बोयचं कालवण असेल.

आपला,
बांधापलीकडचा शेजारी