नाणेघाटात वाचून दाखवणारं माणूस द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी जुन्नर तालुक्यातला. तीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आता निवृत्त झालोय, आणि कुणाकडे पाहुणे आले की त्यांना घेऊन डोंगर हिंडतो. २०१८ साली शासनाने आमचा तालुका विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. २०२५च्या जुलैत शिवनेरी अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा पेढे मीही वाटले. पण शिवजन्माच्या आधीची कित्येक शतकंही या तालुक्यात दगडावर लिहून ठेवलेली आहेत. पत्र त्यांच्यासाठी.

गेल्या श्रावणातला रविवार. घाटघरच्या पुढे गाड्यांची ही रांग. नाणेघाटात खालून वारा असा उसळतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. सगळी गर्दी ते बघायला. लेण्यात पाऊस चुकवायला माणसं दाटलेली, आणि एक पोरगा भिंतीकडे पाठ करून कणीस खात उभा. त्याला म्हटलं, "बाळा, मागं बघ, राणीचा लेख आहे."

"कुठली राणी?"

नागनिका. सातवाहन राजा सातकर्णीची राणी. अश्वमेध केला, राजसूय केला, दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, सगळा हिशेब भिंतीवर कोरलाय, तोही आकड्यांत. आपल्या देशातल्या सगळ्यांत जुन्या कोरीव आकड्यांत त्यांची गणती होते. सुरुवातीची एक ओळ मी त्याला बोट फिरवून वाचून दाखवली (बोट हवेत, भिंतीला लावलं नाही): 'नमो संकंसन-वासुदेवान चंद-सूरान...' पोरगा म्हणाला, "चंद-सूर म्हणजे चंद्र-सूर्य?" कणीस तसंच हातात राहिलं. मग त्याने आईला हाक मारली, आईने मावशीला, आणि अर्धा तास मला कुणी हलू दिलं नाही. मागच्या भिंतीवर घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं उरलीत. त्यातलं 'महारठि' दाखवलं तेव्हा मावशींनी चष्मा पुसून परत पाहिलं.

महोदय, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्यासाठी जे पुरावे मांडले गेले, त्यात हाच लेख होता. दिल्लीत तो कामाला आला. इथं निळ्या पाटीवर वाचायला मिळतं ते एवढंच, की नासधूस केल्यास शिक्षा काय.

नाणेघाट मुळात जकातीचा रस्ता. सोपारा-कल्याणला उतरलेला माल वैशाखऱ्याकडून हा घाट चढून जुन्नरला यायचा. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. लेण्याद्रीला माणसं तीनेकशे पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि उतरतात. शेजारच्या चैत्यगृहात फार कुणी थांबत नाही. ते दान दिलंय कल्याणच्या हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या, मुलाने, सुलसदत्ताने. नाव तिथंच कोरलंय. आज कल्याण मार्केटला आमचा भाजीपाला माळशेजमार्गे जातो, तेव्हा तिकडून दान वर येत होतं. हे कळलं की डोंबिवलीचा भाविकसुद्धा पाच मिनिटं रेंगाळतो, माझा अनुभव आहे.

तुळजा लेण्यातलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह, मानमोडीच्या भूतलिंग लेण्यात चंद नावाच्या यवनाने (तेव्हा यवन म्हणजे ग्रीक) दिलेलं दान, ही यादी लांबेल. मानमोडीला आग्या मोहोळं असतात. तिथं अत्तर मारून आणि धूर करत जाऊ नये, हे सांगायलाही माणूस लागतोच.

माळशेजला काचेच्या पुलाची चर्चा बरीच वर्षं ऐकतोय. व्हायचा तेव्हा होईल, माझं त्यावर फारसं म्हणणं नाही. मला हवंय ते स्वस्त आहे. घाटघर, पाडळी, गोळेगावची बारावी झालेली पोरं-पोरी निवडा, त्यांना ब्राह्मी अक्षरं आणि हे मोजके लेख शिकवा, ओळखपत्र द्या, दर ठरवून द्या. तीन महिन्यांत होतं, मी दोघींना शिकवलंय. वाहनतळाशी लेखाचा ठसा आणि खाली मराठी अर्थ असा मोठा फलक लावा. आणि शनिवार-रविवार जुन्नर स्टँडवरून नाणेघाटला जाऊन-येऊन एसटी सोडा, म्हणजे गाडी नसलेल्यालाही हे दिसेल.

लेणी केंद्राच्या ताब्यात आहेत, हे उत्तर मला माहीत आहे. वाहनतळ, एसटी आणि गावातली पोरं त्यांच्या ताब्यात नाहीत.

आपण पाहायला यावं. फक्त पावसाळ्यातला रविवार टाळा आणि सोबत चांगली बॅटरी आणा. समोरून झोत टाकला तर भिंत नुसतीच पांढरी दिसते. बॅटरी भिंतीला समांतर, आडवी धरायची. मग अक्षरं एकेक करून वर येतात.

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक