बाबा झोपेत दात खातात त्याबद्दल

ती. बाबा आणि आईस सा. न.

बाबा, रागावू नका, पण मी दातांच्या डॉक्टरांकडे परस्पर नंबर लावून टाकलाय. शनिवारी सकाळी ११ वाजता, मिरजेला. विचारलं असतं तर आधी ऊस तुटून जाऊ दे, मग पाडवा होऊ दे, असं करत सगळं पुढच्या वर्षावर गेलं असतं. विहिरीच्या मोटरीचं काय झालं ते उगाळत नाही.

दिवाळीत तुम्ही भडंग नुसतं डाव्या बाजूने चावत होता. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. उजवीकडच्या दाढा जात्याच्या तळीसारख्या गुळगुळीत झाल्यात. जात्याला टाकी लावून घेता येते, दाढेला नाही. वरचं पांढरं कवच एकदा झिजलं की परत येत नाही, आणि आतला पिवळा थर मऊ असल्यामुळे तो त्याहून लवकर झिजतो. माठातलं पाणी झिणझिणतं ते त्यामुळेच. मला खरी काळजी आहे ती रूट कॅनाल केलेल्या दाढेची. तिच्यावर कॅप बसवायची राहिलीय. ती उभी चिरली तर बहुतेक काढावीच लागते.

हिरड्यांचं सांगते. नुसतं दात खाल्ल्याने पायरिया होत नाही. पण हिरडी आधीच सुजलेली असेल, आतलं हाड उतरलेलं असेल, तर या दाबाने दात लवकर हलायला लागतो. म्हणून आधी सफाई, मग झोपताना वरच्या दातांवर घालायच्या प्लेटचं माप. सफाईने दात ढिले होतात असं पारावर कुणी म्हणालं तर नुसती मान डोलवा.

आई, याचा जंतांशी संबंध नाही. ते औषध पुन्हा देऊ नकोस. झोप मध्येच उथळ होते तेव्हा जबडा आवळला जातो. घोरता घोरता त्यांचा श्वास थांबतो का, ते दोन रात्री मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठव. थांबत असेल तर प्लेटच्या आधी झोपेची तपासणी करू, कारण अशा काही जणांचा त्रास नुसत्या वरच्या प्लेटने वाढतो.

आणि कानात तेल घालणं बंद. कान चांगला आहे, दुखतोय तो कानापुढचा जबड्याचा सांधा. तिथे बोट ठेवून तोंड उघडलं की कट्ट होतं ना? सांध्यातली कुर्चेची चकती जरा पुढे सरकलीय. तोंड उघडताना ती जागेवर येते, तोच आवाज. दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरू नका. पण स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावेनाशी झाली तर त्याच दिवशी फोन करा. सकाळी जबडा आखडला असेल तर कोमट फडक्याने १० मिनिटं शेक द्या.

प्लेट वरच्या दातांवर बसते. कडक, पारदर्शक, २-३ मिलिमीटर जाडीची. तिने दात खाणं थांबेलच असं नाही, पण दातांऐवजी ती झिजते. बसवताना निळा कागद चावायला देतील, जिथे जास्त टेकतं तिथे घासून देतील. टोचतंय तर तिथेच सांगा, भिडेखातर गप्प बसू नका. मेडिकलमधली मऊ रबरी नको, ती चावून फाटते. पहिले काही दिवस लाळ सुटेल, मग सवय होते. सकाळी गार पाणी, साबण आणि मऊ ब्रश. गरम पाण्याने ती वाकडी होते, पेस्टने चरे पडतात. डबीतच ठेवायची, रुमालात गुंडाळून उशाशी नाही.

लहानपणी तुमच्या कुशीत तो करकर आवाज ऐकला की मला वाटायचं, गोठ्यात बैल रवंथ करतोय, आणि लगेच झोप लागायची.

संध्याकाळी ६ नंतर चहा नको. तंबाखूचं मी काही बोलत नाही, आई बोलेल. दिवसा लक्षात ठेवा: ओठ मिटलेले, दात सुटे.

शनिवारी नाश्ता आणि बीपीची गोळी घेऊनच निघा. सांगलीत उतरून मिरजेची सिटी बस धरा. जुना एक्स-रे लोखंडी कपाटात, लग्नपत्रिकांच्या पिशवीत आहे. पैसे भरलेत, तिथे पाकीट काढू नका.

तुमची,
मनू