सखाराम पंडितांचं नाव कुणी घेत का नाही?

संपादक साहेब, नमस्कार. माझी भाची तिकडे अमेरिकेत ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये आहे, घरी रोज तोच विषय, म्हणून तिकडे गेलेल्या जुन्या भारतीयांचं वाचायला घेतलं आणि झोपच उडाली.

भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या आर्मीत, पगडी घालून. तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, सामान्य माणसाच्या लेखी तुम्ही गोरे नाही, सिटिझनशिप मिळणार नाही. मग ज्यांना आधी मिळाली होती त्यांचीही काढून घ्यायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई, त्यांचीही गेली, भारतात यायचं तर म्हणे ब्रिटिश पासपोर्ट घ्या, ज्या राज्याला कंटाळून माणूस देश सोडून आला त्याचाच! १९२८ ला त्यांनी गॅस सोडून जीव दिला.

पण थिंडचे वकील सखाराम गणेश पंडित, त्यांचीही सिटिझनशिप काढायला सरकारने केस केली, तरी ते हटले नाहीत. माझी वकिली जाईल, गोऱ्या बायकोचीही सिटिझनशिप जाईल, असं कोर्टात मांडलं आणि जिंकले, त्यानंतर सरकारने बाकीच्या केसेस सोडून दिल्या. कायदा बदलला तो थेट १९४६ ला, तोही भारतातून येणाऱ्यांना वर्षाला १०० जणांचा कोटा.

पंडितांवर तुमच्या रविवार पुरवणीत एक पान तरी द्या, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे