सोबतचं पाकीट उघडू नका

स्टुटगार्ट
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आधी हे सांगते की मी ठणठणीत आहे. या पत्राबरोबर एक चिकटवलेलं पाकीट आहे आणि त्यावर माझी सही आहे. ते हातात आल्या आल्या आईच्या मनात नको नको ते येईल, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. मला काहीही झालेलं नाही. थंडी, ऑफिस, जेवण हे सगळं रविवारी फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. तिळगुळाच्या वड्या पोचल्या, एकही मोडली नव्हती. डब्यात आईने जुन्या पंच्याचा तुकडा घातला होता. तो मी अजून धुतला नाही, त्याला आपल्या कपाटाचा वास येतो.

गेल्या रविवारी मी विचारलं की बाबांच्या मोबाईलचा पॅटर्न आईला माहीत आहे का, आणि बाबा म्हणाले, "आम्ही जायची वाट बघताय का?" मग फोन आईकडे गेला. आई म्हणाली, सणाच्या तोंडावर अभद्र बोलू नये गं. मी हो म्हटलं आणि विषय बदलला. पण त्या रात्री मला झोप आली नाही. बाबा, मला तुमचा एकही पासवर्ड नको आहे. तुमच्या पेन्शनवर किंवा ठेवींवर माझा डोळा आहे असं क्षणभर जरी तुमच्या मनात आलं असेल, तरी ते काढून टाका. मी हे का विचारलं ते फोनवर सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

दिवाळीत काकूकडे दोन दिवस राहिले, तेव्हाचं हे आहे. झोपायच्या आधी काकू काकांचा फोन चार्जिंगला लावायची. रोज. स्क्रीनवर नातीचा फोटो, आणि त्यावर हप्त्याचे, बिलांचे, फंडाचे मेसेज एकावर एक येऊन पडलेले. नुसते दिसायचे, उघडायचे नाहीत. तिने माझ्यासमोर बोट फिरवून बघितलं, मग काकांच्या सहीतल्या पहिल्या अक्षरासारखं फिरवलं. फोन म्हणाला, तीस सेकंद थांबा. ती थांबली. ओठ हलवत तीस मोजले आणि पुन्हा बोट फिरवलं. मी तिच्या शेजारी बसून होते आणि मला काही करता येत नव्हतं. जूनमध्ये काका गेले तेव्हाही आलं नव्हतंच. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि जे बघितलं ते इथे या खोलीत बसून दादाने धरलेल्या मोबाईलवर.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दादाने तो फोन एका दुकानात दिला, त्याने लॉक काढून देतो म्हणून सगळा फोन पुसून दिला. फोन उघडला, पण कोरा. बारशाचे व्हिडिओ गेले. काकांनी फंड कुठले घेतले होते, विमा ऑनलाइन काढला होता तो कुठल्या कंपनीचा, हे सगळं ईमेलवर येत होतं आणि ते ईमेल आज कुणाला उघडता येत नाही. काकू नॉमिनी आहे, मान्य. पण कशाकशाची नॉमिनी आहे हेच तिला ठाऊक नाही! विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे ना, असं बाबा म्हणाले होते. ते चांगलं आहे, पण दहा वर्षं हात न लागलेल्या खात्यांसाठी आहे. काकूने दहा वर्षं थांबायचं का?

आता इथली एक गोष्ट सांगते, म्हणजे हे माझ्या डोक्यात कुठून आलं ते कळेल. इथे घरोघरी जाड पुठ्ठ्याच्या फायली असतात, त्यांना 'ऑर्डनर' म्हणतात. आत लोखंडी कमान, ती खटका दाबून उघडायची, कागदाला दोन भोकं पाडायची आणि ओवायचा. आलेला प्रत्येक कागद त्यात जातो, अगदी विजेच्या बिलापासून. अशा फायली करणारी लाइट्झ कंपनी १८७१ साली इथेच स्टुटगार्टात सुरू झाली, म्हणजे मी या फायलींच्या माहेरीच राहते. तर आमच्या घरमालकीण आजी, वय ७८, शाळेत शिक्षिका होत्या. नोव्हेंबरात त्यांनी चार वाजता कॉफीला बोलावलं. केक संपल्यावर उठून एक लाल फाइल आणली आणि म्हणाल्या, ही चपलांच्या कपाटावर असते, मी गेले की ही घ्यायची. आपण ताक फ्रिजमध्ये ठेवलंय म्हणून सांगतो ना, त्या आवाजात. माझ्या पोटात गोळा आला.

याला इथे 'फोरझोर्ग' म्हणतात. 'झोर्ग' म्हणजे काळजी आणि 'फोर' म्हणजे आधी. फायलीत रंगीत पुठ्ठे घालून भाग केलेले: बँक, विमा, घर, दवाखाना, आणि शेवटी इंटरनेट. त्या शेवटच्या भागात ईमेल कुठला, फोटो कुठे साठवलेत, वर्तमानपत्र ऑनलाइन कुठलं लावलंय, दर महिन्याला आपोआप पैसे कशाकशाचे कापले जातात, आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं: बंद करा, ठेवा, मुलीला द्या. पासवर्ड मात्र फायलीत नाहीत. ते वेगळ्या पाकिटात, आणि ते पाकीट कुठे आहे एवढंच फायलीत. त्यांच्या मुलीला दिलेल्या अधिकारपत्रात 'मृत्यूनंतरही' असे शब्द घातले आहेत. घातले की माणूस गेल्यावरही ते कागद चालतात. (आपल्याकडे उलट आहे. मुखत्यारपत्र माणसाबरोबरच संपतं. छोटू बाबांकडून ते करून घ्यायचं म्हणत होता, त्याचा या कामाला उपयोग नाही, त्याला सांगा.) फायलीत दफनाच्या वेळी लावायच्या गाण्याचं नावही होतं. इथे कबरीची जागासुद्धा ठरावीक वर्षांच्या भाड्याने मिळते, ते कोण भरणार हेही लिहिलेलं. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? तर म्हणाल्या, "लिहून ठेवल्यापासून मी याचा विचारच करत नाही." आणि मला केकचा दुसरा तुकडा वाढला.

त्यांनीच मला एका खटल्याबद्दल सांगितलं. बर्लिनमध्ये २०१२ साली पंधरा वर्षांची एक मुलगी भुयारी रेल्वेखाली सापडून गेली. तो अपघात होता की तिने स्वतःहून केलं, हे आईवडिलांना कळेना. आईकडे मुलीच्या फेसबुकचा पासवर्ड होता, तरीही खातं उघडेना, कारण कंपनीने ते स्मृतीसाठी म्हणून गोठवलं होतं. सहा वर्षं ते दारोदार फिरले. शेवटी १२ जुलै २०१८ ला कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाची पत्रं आणि रोजनिशी जशी वारसांकडे जाते, तसंच हे खातंही जातं. पोरीचे चार शब्द वाचता यावेत म्हणून आईवडिलांनी एवढं भांडायचं. मी ते ऐकल्यापासून काकूचे हलणारे ओठ डोळ्यांसमोरून जात नाहीत.

बाबा, तुमचं म्हणणंही मला कळतं. २०१९ च्या पुरात ट्रंकेतल्या ठेवींच्या पावत्या आपण गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवल्या होत्या, शाई पसरली होती. तेव्हापासून तुम्ही सगळं मोबाईलमध्ये घेतलंत, आणि ते बरोबरच होतं. पण तेव्हा जे घरात सगळ्यांना दिसायचं, ते आता एकट्या तुमच्या बोटात आहे. तुम्ही असंही म्हणालात की पासवर्ड कुणाला सांगू नका म्हणून तूच ओरडतेस आणि आता तूच लिहा म्हणतेस. मला सांगू नकाच. व्हॉट्सअॅपवर तर मुळीच पाठवू नका. एका कागदावर स्वतःच्या अक्षरात फक्त इतकं लिहा की कुठल्या बँकेत, कुठला फंड, कुठला विमा, कुठला ईमेल. यूपीआयचा आणि एटीएमचा पिन लिहू नका, त्याची गरजच नाही. माणूस गेल्यावर त्याच्या पिनने पैसे काढले तर घरच्यांच्याच गळ्याशी येतं. बँकेतून मृत्यूचा दाखला देऊन, नॉमिनी म्हणूनच घ्यायचे. फोनचा पॅटर्न आणि ईमेलचा पासवर्ड तेवढा वेगळ्या पाकिटात. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या माळ्यावर ठेवा. तिथवर पाणी आलेलं नाही.

आणि गुगलमध्ये एक सोय आहे, ती बाबांना आवडेल. दर नोव्हेंबरात तुम्ही बँकेत हयातीचा दाखला देता ना, ही तशीच आहे. तीन, सहा, बारा किंवा अठरा महिने, जेवढे तुम्ही ठरवाल तेवढे दिवस खातं वापरलं गेलं नाही, तर गुगल आधी तुम्हालाच विचारतं. उत्तर आलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला तुम्ही ठरवाल तेवढंच उघडून देतं. ही सोय २०१३ पासून आहे आणि मी स्वतः ती गेल्या महिन्यात लावली. तिथे आईचं नाव घाला, माझं नको.

बँकेतही एकदा जाऊन या. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. तुमच्या जुन्या खात्यावर अजून आजीचं नाव असेल, तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने ताब्यात घेणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलंय. म्हणून मृत्युपत्रही करा. ते मात्र मोबाईलवर होत नाही, माहिती तंत्रज्ञान कायद्यातून मृत्युपत्र वगळलेलं आहे. कागदच लागतो, तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. शेजारचे काका आणि डॉक्टर हो म्हणतील.

मी तुम्हाला करा करा म्हणते आणि स्वतः काही करत नाही असं नको, म्हणून हे पाकीट. माझ्या आयफोनवर मी आईला वारस-संपर्क नेमलंय. आईकडे आयफोन नाही म्हणून काही अडत नाही, त्याची किल्ली म्हणजे एक चौकोनी छापील कोड, तो पाकिटात आहे. तो आणि मृत्यूचा दाखला अॅपल कंपनीला दिला की माझे फोटो, पत्रव्यवहार मिळतो, पासवर्ड मिळत नाहीत. दुसऱ्या कागदावर इथलं बँक खातं, विमा, घराचं डिपॉझिट आणि ऑफिसमध्ये कुणाला कळवायचं ते आहे. आई, हे लिहिताना मी रडले नाही. तूही रडू नकोस. कपाटात पाटल्यांच्या डब्याखाली ठेव आणि विसरून जा.

आता पैशांचं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी चाळीस हजार पाच तारखेला पाठवलेत. ते ठेवीत टाकू नका, पावसाळ्याआधी काम करून घ्या. आईच्या मोतीबिंदूचं मार्चमध्ये ठरवा, त्याचे मी वेगळे पाठवते. मी पंधरा दिवस रजा मागितली आहे, मिळेलच असं वाटतंय. काकांच्या वेळी मागायचीही हिंमत केली नव्हती.

आणि एक. इथल्या फायलीत पहिल्याच पानावर एक रकाना असतो: काही झालं तर आधी कुणाला फोन करायचा. मी त्यात बाबांचा नंबर लिहिला. आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, अगं, रात्री दोन वाजता अर्ध्या तासात दवाखान्यात कोण येऊन उभं राहील त्याचं नाव लिही. मी बराच वेळ पेन धरून बसले. मग एक नाव लिहिलं. ते लिहून झाल्यावर कळलं की हे नाव त्या फायलीच्या आधी तुमच्या कानावर पडायला हवं होतं. तो नाशिकचा आहे, सहा वर्षं इथे आहे, आपल्यातला नाही हे आधीच सांगते. मागच्या हिवाळ्यात मला ताप आला होता आणि मी तुम्हाला साधी सर्दी म्हणाले होते, तेव्हा तोच चार दिवस भात करून आणत होता. बाकी त्याचं नाव-गाव सगळं मी माझ्या तोंडानेच सांगेन. म्युनिकच्या स्थळाला कृपा करून नाही कळवा, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. बाबा रागावतील ते मला माहीत आहे. रागवा, पण माझ्यावर रागवा, आईवर नको. तिला यातलं काहीच माहीत नाही.

रविवारी नेहमीच्या वेळी फोन करते. बाबा, यावेळी तुम्ही उचला.

तुमची,
चिऊ

ता. क. काकूला सांगा, काकांचं सिम काढून टाकू नकोस. तीन महिने वापरात नसलं तर नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला जातो, आणि सगळे ओटीपी अजून त्याच नंबरवर येतात. कंपनीत दाखला देऊन तो तिच्या नावावर करून घेता येईल. तोवरचं रिचार्ज मी मारलंय. गुगलकडे काकांच्या फोटोंसाठी अर्ज करायचा तोही मी आणि दादा मिळून करतोय. दोन वर्षं न वापरलेलं खातं ते पुसून टाकू शकतात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जूनच्या आत मिळवायला हवं. बारशाचा व्हिडिओ त्यात असेल असं मला वाटतं. काकूला आत्ताच काही बोलू नका, हाती आला की मीच देईन.