लाखाचं कार्ड आणि माझी पाकातली अळी

मा. संपादक,
स. न.

मागच्या रविवारी आपल्या इंदूरात पोकेमॉन कार्डांची (कार्टूनमधल्या त्या प्राण्यांच्या पत्त्यांच्या खेळाची) विभागीय स्पर्धा झाली त्याची बातमी तुम्ही छापलीत त्याबद्दल आधी थँक्यू, कारण इथे असं काही होतं हेच आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. पण बातमी वाचून सासूबाईंनी मला चहा पिता पिता विचारलं, "तू पण लाखाचे पत्ते घेऊन बसली होतीस का गं?" म्हणून हे पत्र लिहायला घेतलंय.

बातमीचा सूर असा होता की ज्याच्याकडे महागडे पत्ते तो जिंकतो, साध्या घरातल्या पोरांचं तिथे काही काम नाही. मी तिथे होते हो. बघायला नाही, खेळायला. राजेंद्र नगरात गणिताच्या शिकवण्या घेणारी सेहेचाळीस वर्षांची बाई, भाच्याला सोडायला जाता जाता दीड वर्षापूर्वी स्वतःच शिकून बसले आणि आता मोठ्यांच्या गटात नाव देते. माझ्या ६० पत्त्यांच्या डेकला स्लीव्ह धरून साधारण १,४०० रुपये लागलेत, तेही आठ महिन्यांत थोडे थोडे करून. (स्लीव्ह म्हणजे पत्त्याला घालायचं प्लास्टिकचं कव्हर, त्याची गंमत पुढे सांगते.)

ते लोगन पॉलचं कार्ड तुम्ही बातमीत घातलं, अमेरिकेतल्या त्या यूट्यूबरने २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजून घेतलेलं. ते खरंच आहे, गिनीज बुकात गेलं होतं. पण ते कार्ड म्हणजे जपानमधल्या चित्रस्पर्धेच्या विजेत्यांना नव्वदच्या दशकात बक्षीस म्हणून दिलेलं, ते घेऊन कोणी स्पर्धेला बसत नाही, बसूच देणार नाहीत. ती सगळी जमवणाऱ्यांची दुनिया आहे आणि आमची खेळणाऱ्यांची वेगळी. खेळायच्या कार्डांत तर एकच कार्ड साध्या छपाईतही येतं आणि चमचमतंही येतं, किंमत दहापट वीसपट वेगळी, पण त्यावर लिहिलेलं तेच आणि मार तेवढाच. दिवाळीत पैठणी नेसून मेंढीकोटला बसलं म्हणून मेंढ्या जास्त मिळतात का? तसंच आहे.

पैशाने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. ज्याच्याकडे पैसे आहेत तो आज हा डेक उद्या तो डेक असं करू शकतो, चार डेक घरी लावून एकमेकांशी खेळवून बघतो. आम्ही ते झेरॉक्सवर करतो, समोरच्याच्या डेकची कार्डं काळी-पांढरी छापायची, कापायची आणि जुन्या रमीच्या पत्त्यांवर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवायची, घरी सरावाला चालतं, स्पर्धेत अजिबात नाही. आणि दुसरं म्हणजे आजकालच्या कार्डांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर असतं, साधारण दरवर्षी सगळ्यात जुनं अक्षर बाद होतं, म्हणजे त्या अक्षराची कार्डं मुख्य स्पर्धांना चालत नाहीत. हा खर्च मात्र टोचतो, पोरांच्या आयांना विचारा.

आता माझा डेक. त्यात मुख्य भिडू (म्हणजे पोकेमॉन) आहे डिपलिन, म्हणजे पाकात बुडवलेलं सफरचंद आणि त्याच्या आत राहणारी अळी, दिसायला काही भयंकर नाही. त्याच्या मारासाठी एकच एनर्जी (ताकदीचं कार्ड) लागते आणि मागे बेंचवर, म्हणजे राखीव जागेत, आपले जितके भिडू बसलेत तितक्या वेळा २० चा मार. बेंचवर जास्तीत जास्त पाच, म्हणजे १००. शंभरात आजकाल काही होत नाही, मोठे भिडू तीनशेच्या वर जीवाचे असतात. पण मैदानात फेस्टिव्हल ग्राउंड्स नावाचं कार्ड असलं, म्हणजे आपण जत्रेचं मैदान म्हणू, तर हीच अळी एका पाळीत दोनदा मारते. पहिल्याच माराला समोरचा पडला तर त्याच्या जागी जो नवा येईल त्याच्यावर दुसरा. शिवाय थ्वॅकी नावाचं ढोल बडवणारं माकड आहे, ते बेंचवर असलं आणि पुढे ही अळी असली की अख्ख्या डेकमधून हवं ते एक कार्ड शोधून घ्यायचं, दर पाळीला. जत्रा, ढोल आणि पाक, मला तर हा डेक आपल्या इंदूरचाच वाटतो म्हणून घेतला, खरं कारण हेच.

आणि हिशोब बघा. दोघांकडे सहा-सहा प्राइझ कार्डं उलटी ठेवलेली असतात, समोरचा भिडू पाडला की त्यातलं एक उचलायचं, सहा संपवली की जिंकलात. पण ज्यांच्या नावापुढे ईएक्स लागतं असे बहुतेक तगडे भिडू पडले की दोन उचलता येतात. म्हणजे मला तीनच पाडायचे आणि समोरच्याला माझ्या सहा अळ्या-माकडं पाडायची. गरीब डेकचं सगळं गणित इथेच आहे आणि हे काही मी शोधलेलं नाही. जुने खेळणारे अजून नाइट मार्च नावाच्या डेकच्या गोष्टी सांगतात, २०१४ च्या शेवटी आलेल्या फँटम फोर्सेस संचातले जोल्टिक, लॅम्पेंट आणि पम्पकाबू, जोल्टिकचा तर जीव जेमतेम ३०. तीच कार्डं मुद्दाम रद्दीच्या ढिगात टाकायची आणि ढिगात जितकी पडली तितक्या वेळा २० चा मार. चार-चार तिन्हीची, म्हणजे बारा, एक मारणारं वगळून अकरा, २२० झाले की नाही? त्यांनी मोठमोठ्यांना रडवलं होतं.

तर स्पर्धा. विजय नगरकडचा हॉल, साठेक जण, भोपाळ, उज्जैन, नागपूर, बडोद्याहून आलेले, बडोद्याची दोन पोरं अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून थेट हॉलवर. सहा राउंड, प्रत्येक राउंड ५० मिनिटं, तीनमधले दोन डाव जिंकायचे. सकाळी घाईत खाली पोहे-जिलबी खाल्ली, जीरावण मसाला भरपूर, आणि हात नीट न धुता पत्ते पिसले. पहिल्याच राउंडला जज आले आणि म्हणाले मॅडम तुमची पाच-सहा कार्डं एकमेकांना चिकटतायत. जिलबीचा पाक! स्लीव्ह सगळ्या एकसारख्या हव्यात, एखादी चिकट किंवा वाकलेली असेल तर ते खूण केलेलं कार्ड धरतात, पाठीवरून ओळखता येतं म्हणून. नशीब समज देऊन सोडलं, पण नव्या स्लीव्ह घ्यायला २५० गेले आणि साठ कार्डं काढून पुन्हा घालताना माझे हात थरथरत होते, दहावीच्या पोरांना मी सांगते की परीक्षेत शांत राहा म्हणून, हं. पाकातल्या अळीला पाक भोवला असं भाचा सगळ्यांना सांगत फिरला.

पहिले दोन राउंड जिंकले. तिसऱ्यात भोपाळचा एक इंजिनीअरिंगचा मुलगा, ड्रॅगापुल्ट ईएक्सवाला. हा भिडू ३२० जीवाचा, पुढच्याला २०० मारतो आणि वर ६० चा मार तुमच्या बेंचवर हवा तसा वाटतो, म्हणजे माझ्यासारख्या बारक्या जीवांच्या डेकचा काळच. एक डाव त्याचा, एक माझा. तिसऱ्या डावात माझी दोनच प्राइझ उरलेली आणि त्याच्या ड्रॅगापुल्टला मी दोनदा शंभर मारलेले, म्हणजे त्याचे १२० शिल्लक. तो पडला की डाव माझा. त्याने स्वतःचं दुसरं मैदान टाकलं, माझी जत्रा उठली, आणि २०० मध्ये माझी पुढची अळी गेली आणि ६० मध्ये बेंचवरची लहानगी अळी पण गेली. माझ्याकडे दुसरी डिपलिन तयार होती, ती पुढे आणली, बेंचवर तीन उरले. तीन विसे साठ. जत्रेचं मैदान असतं तर साठ आणि साठ एकशे वीस, बरोब्बर! नाहीतर बेंच काठोकाठ भरला तरी शंभरच, वीस कमी.

माकड होतं बेंचवर. ढोल वाजवला, अख्खा डेक हातात घेतला आणि एकेक कार्ड बघत गेले. मला उत्तर माहीत होतं तरी दोनदा बघितलं. नियमाने एका नावाची चार कार्डं ठेवता येतात, माझ्याकडे जत्रेची मैदानं तीनच होती आणि तिन्ही रद्दीत गेलेली. चौथं महिनाभर कुरियरमध्ये अडकलेलं, कारण आपल्या शहरात सुटी साधी कार्डं कोणी ठेवत नाही, ठेवतात ती बंद पाकिटं नाहीतर काचेतली चमचमणारी. त्या कार्डाची किंमत चाळीस रुपये आहे संपादक साहेब. पुढच्या पाळीत मी हरले.

राउंड संपल्यावर त्या मुलाला सांगितलं तर त्याने बॅगेतून चपलेचा एक जुना खोका काढला, त्यात पाकिटं उघडून उरलेली साधी कार्डं ठासून भरलेली, आणि म्हणाला आंटी ये तो पड़े हैं मेरे पास. सहा निघाली! त्यातलं एक त्याने मला दिलं आणि पैसे घेतले नाहीत. पुढचे तीन राउंड मी चार मैदानं घेऊन खेळणार होते (पण जजला विचारल्यावर यादीत बदल होणार नाही हे कळलं, म्हणून तीनच घेऊन खेळले, चौथं पर्समध्ये). शेवटी तीन जिंकले, दोन हरले, एक बरोबरी, दहा पॉइंट, नंबर मधेच कुठेतरी. पहिल्या आलेल्या मुलाचा डेक महाग होता हे तुमचं बरोबर आहे. पण तसाच डेक घेऊन आणखी नऊ जण आले होते आणि त्यातले चार यादीत माझ्या खाली होते, ते बातमीत यायला हवं होतं.

आणि जे खरंच छापायला हवं होतं ते राहिलं. सकाळी नावं घेताना एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला, डबा भरून सोनेरी कार्डं, सगळी चकचकीत. जजनी दोन बघितली आणि सांगितलं की ही खोटी आहेत, चालणार नाहीत. वडील चिडले, एवढे पैसे घातलेत, दुकानदाराने ओरिजिनल सांगून दिलीत, आवाज चढला. मुलगा काही बोलला नाही, डब्याचं झाकण लावत बसला आणि मग ते दोघं निघून गेले. आपल्या बाजारात खेळण्यांच्या दुकानात हीच कार्डं ढिगाने मिळतात आणि पोरांना वाटतं सोनेरी म्हणजे भारी. ओळखायला फार अक्कल लागत नाही, अख्ख्या पाकिटात सगळीच सोनेरी निघाली तर समजून जा, पाठीचा निळा रंग खऱ्या कार्डाशेजारी ठेवून बघा, स्पेलिंग चुकलेलं असतं, आणि खरं कार्ड फाडलं तर कागदाच्या दोन थरांमध्ये एक काळसर रेघ दिसते (फाडू नका, पण माहीत असू दे). एक चौकट छापा ना याची, शनिवारच्या पुरवणीत.

दुसरं एक मागणं आपल्या मराठी मंडळांना, तुमच्या पेपरमधून. इंदूरात आपल्या लोकांच्या वास्तू काय कमी आहेत? गणपती आणि दिवाळी पहाट सोडली तर रविवारी सकाळी कितीतरी हॉल रिकामे असतात. महिन्यातून एक रविवार, दोन तास, सात-आठ टेबलं आणि चालणारे पंखे, एवढंच. पोरांनी आपापले खोके आणायचे, नको असलेली साधी कार्डं देऊन हवी ती घ्यायची, पैसे नाहीत काही नाही. बंद पाकिटं मला स्वतःला आवडत नाहीत, ती लॉटरीच आहे, आत काय निघेल माहीत नाही आणि पोरं एकामागून एक उघडत जातात. चाळीस रुपयांचं कार्ड शेजारच्या पोराच्या खोक्यात पडलेलं असतं आणि ते मिळावं म्हणून आपलं पोर चारशेचं पाकीट फोडतं, हे रोज बघते मी. मी एका मंडळात विचारलं तर म्हणाले, पत्ते? मंडळात? आणि त्याच हॉलमध्ये कोजागिरीला पहाटेपर्यंत रमी चालते, मी स्वतः खेळले आहे. मंडळाचं नाव लिहीत नाही, वर्गणी भरते तिथे.

जागा कोणी देणार असेल तर टेबलं लावणं, झाडणं, हिशोब ठेवणं हे मी आणि भाचा करू. पाण्याचा कॅन आमचा.

आपली,
एक वाचक
राजेंद्र नगर, इंदूर

ता. क. : पत्र पूर्ण करते तोवर कुरियर आलं. त्या मुलाने दिलेलं धरून आता माझ्याकडे जत्रेची पाच मैदानं झालीत आणि डेकमध्ये चारच चालतात. एक जास्तीचं आहे, कोणाच्या पोराला हवं असेल तर पेपरच्या ऑफिसात ठेवून जाईन.